वीज जोडलेला बँजो

१९६९ साली अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात एक जोडी फुटली. लेस्टर फ्लॅट गिटार घेऊन गात आणि अर्ल स्क्रग्ज बँजो वाजवत. २१ वर्षं या दोघांची नावं एका दमात घेतली जात होती. फुटीनंतर फ्लॅट यांनी जुन्याच धाटणीचं पथक उभं केलं. स्क्रग्ज यांनी मात्र आपल्या मुलांना बरोबर घेतलं, ड्रम्स घेतले, इलेक्ट्रिक बेस आणि इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि ते कॉलेजांच्या आवारांत कार्यक्रम करू लागले. तेव्हा त्यांचं वय होतं ४५. ज्यांच्या बोटांमुळे पाच तारांच्या बँजोला नवा जन्म मिळाला, त्यांनीच तो विजेच्या गलबल्यात नेऊन बसवला, असा ठपका त्यांच्यावर आला. एवढा मोठा वादक एकाच चौकटीत जन्मभर का राहील, असंही उलट विचारलं गेलं. दोन्हीकडे जाणकार माणसं होती, आणि अजूनही आहेत. त्यामुळे कौल देण्याआधी दोन्ही बाजू नीट ऐकून घ्यायला हव्यात.

मराठी वाचकाने इथे गणपतीच्या मिरवणुकीतला बँजो डोळ्यांसमोर आणू नये. आपल्या बँजो पार्टीतलं बटणांचं वाद्य बुलबुलतरंगाच्या कुळातलं आहे. ते जपानच्या ताइशोगोतोवरून आलं, आणि त्याला वीज जोडलेली असते याचं कुणाला काही वाटत नाही. (तक्रार असते ती आवाजाच्या पातळीबद्दल, आणि ती वेगळी गोष्ट.) स्क्रग्ज यांचा बँजो म्हणजे गोल चौकटीवर ताणलेलं कातडं किंवा प्लॅस्टिकचा पडदा, त्यावर टेकलेली लाकडी घोडी, लांब दांडी आणि पाच तारा. पाचवी तार आखूड असते, तिची खुंटी दांडीच्या अध्येमध्येच बसवलेली असते. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी भोपळ्यापासून केलेल्या वाद्यांत त्याचं मूळ आहे.

स्क्रग्ज यांचा जन्म १९२४ चा, नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या फ्लिंट हिल या खेडवजा वस्तीतला. वडील लहानपणीच गेले. तरुणपणी ते कापडगिरणीत कामाला होते. उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांत नख्या घालून बँजो वाजवण्याची रीत त्यांच्या टापूत आधीपासून होती. स्नफी जेंकिन्ससारखे वादक ती वाजवत. स्क्रग्ज यांनी तिला इतका वेग, इतकी सफाई आणि इतका तोल दिला, की ती पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. १९४५ च्या डिसेंबरात ते बिल मन्रो यांच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या पथकात आले आणि ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमातून देशभर पोचले. त्याआधी ऑप्रीवरचा बँजोवाला हा बव्हंशी विनोद करणारा गडी असे. स्क्रग्ज विनोद करत नसत, फारसे बोलतही नसत. खाली मान घालून वाजवत, आणि लोक वेडे होत. मन्रो, फ्लॅट, स्क्रग्ज आणि त्यांच्या सोबत्यांनी त्या दोन-तीन वर्षांत जे घडवलं, त्यालाच पुढे ‘ब्लूग्रास’ म्हणू लागले.

विरोध करणाऱ्यांची बाजू आधी घेऊ, कारण ती अनेकदा थट्टेवारी नेली जाते. जुन्याला चिकटलेले म्हातारे नव्यावर खेकसतात, एवढ्यावर तिची बोळवण होते. ते न्यायाचं नाही. ब्लूग्रासमध्ये ड्रम्स नसतात ते कुणी सोवळं पाळतं म्हणून नव्हे. त्या संगीतात ताल सगळ्यांनी वाटून घेतलेला असतो. उभा बेस मात्रा धरतो, मँडोलिनवाला तारा दाबून मधल्या मात्रांवर कोरडा ठोका देतो, गिटार दोहोंच्या मधली जागा भरते. बँजोच्या तीन बोटांची अखंड लड या सगळ्यांवरून धावते. बँजोचा स्वर निघतो तसाच विझतो, सारंगीसारखा लांबत नाही. म्हणून वादकाला स्वरांची रांग लावावी लागते, आणि ती रांगच पथकाला पुढे रेटते. ड्रम्स आले की हे काम बँजोच्या हातून जातं. मग तो सुंदर वाजला तरी गाडी दुसरंच कुणी ओढत असतं.

यात मायक्रोफोनची बाबही आहे. त्या काळातली पथकं एकाच माइकभोवती उभी राहत. ज्याची पाळी असेल तो पुढे सरकायचा, वाजवून झालं की बाजूला व्हायचा, तोवर दुसरा खांदा तिरका करून आत शिरलेला असायचा. आवाज लहानमोठा करणं हे पावलांचं काम होतं. बँजोवाल्याला दांडी सांभाळत गाणाऱ्याच्या अंगाला न लागता सटकावं लागे, आणि फ्लॅट-स्क्रग्ज यांच्या पथकाची ही ये-जा पाहण्यासारखी होती. प्रत्येकाच्या वाद्याला स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र स्पीकर आला की ही शिस्त संपते. आवाजाचा तोल बटणांकडे जातो, आणि बटणं फिरवणारा माणूस मंचाखाली बसलेला असतो. हे नुकसान काल्पनिक नाही.

शिवाय बँजो हे वाद्य वीज सहजासहजी मानत नाही. ताणलेलं कातडं हवेतल्या कंपनाने थरथरतं, म्हणजे ते स्वतःच एक प्रकारचा माइक असतं. त्याला पिकअप लावून शेजारी मोठा स्पीकर ठेवला, की स्पीकरचा आवाज कातडं ऐकतं, पिकअप तो परत स्पीकरकडे धाडतो, आणि सगळी यंत्रणा शिट्टी मारू लागते. ती टाळायची तर आतून बोळे कोंबायचे, आवाजाचा वरचा भाग कापायचा, किंवा कातडंच काढून भरीव लाकडाचं वाद्य करायचं. प्रत्येक उपायात बँजोचा करकरीत कोरडेपणा थोडाथोडा हरवतो. तोच गेला तर मग गिटार काय वाईट, असं विचारणाऱ्याला गप्प करणं सोपं नाही.

आता दुसरी बाजू. जी परंपरा मोडल्याचा आरोप स्क्रग्ज यांच्यावर झाला, ती १९६९ साली जेमतेम २४ वर्षांची होती, आणि ती घडवणाऱ्यांत ते स्वतः होते. ते येण्याच्या वर्षीच मन्रो यांच्या पथकाने अकॉर्डियन घेऊन रेकॉर्डिंग केलं होतं. फ्लॅट आणि स्क्रग्ज यांनी १९५५ मध्ये जॉश ग्रेव्ह्ज यांना घेऊन पथकात डोब्रो (गिटारच्याच कुळातलं वाद्य) आणला, आणि ज्या मँडोलिनवर मन्रो यांचं संगीत उभं होतं तिला मागे सारलं. साठच्या दशकात स्टुडिओतल्या त्यांच्या काही रेकॉर्डिंगमध्ये ड्रम्सही शिरले होते. शिवाय हे सगळं संगीत घरोघरी पोचलं ते विजेमुळेच. ऑप्री ज्या केंद्रावरून ऐकू येई त्या डब्ल्यूएसएमचा प्रक्षेपक ५०,००० वॅटचा होता. डोंगरातल्या ओसरीवरचं निर्मळ संगीत ही प्रतिमा बरीचशी नंतरच्या चाहत्यांनी रंगवलेली आहे.

मात्र हा युक्तिवाद ताणू नये. सगळंच कधीतरी नवं होतं, म्हणून आजच्या कुठल्याही नव्याला नाव ठेवायचं नाही, असं म्हटलं तर रसिकाला बोलायलाच काही उरत नाही. डोब्रो आला तेव्हा बँजोचं काम बदललं नव्हतं, ड्रम्स आले तेव्हा बदललं. हा फरक प्रमाणाचा असला तरी मोठा आहे. ज्यांना तो ऐकू आला त्यांचे कान चांगले होते, मन कोतं नव्हतं.

आता फ्लॅट यांच्याकडे वळू. या प्रकरणात सर्वांत कमी ऐकली गेलेली बाजू त्यांची आहे. १९६७ मध्ये ‘बॉनी अँड क्लाइड’ या चित्रपटात ‘फॉगी माउंटन ब्रेकडाउन’ ही या जोडीची १९४९ ची धून वाजली आणि ती नव्या पिढीच्या तोंडी झाली. त्याआधी १९६२ पासून ‘द बेव्हर्ली हिलबिलीज’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या शीर्षकगीतातून स्क्रग्ज यांचा बँजो घराघरांत गेलाच होता. कोलंबिया कंपनीने दोघांच्या रेकॉर्डचं काम बॉब जॉन्स्टन यांच्याकडे दिलं. हे गायक-गीतकार बॉब डिलन यांचेही निर्माते होते. मग या जोडीच्या आल्बमांत डिलन यांची गाणी येऊ लागली. १९६८ चा ‘चेंजिन टाइम्स’ आणि त्याच सुमाराचा ‘नॅशव्हिल एअरप्लेन’ ऐकले की गाणाऱ्याची अडचण लपत नाही. फ्लॅट यांचा गळा सैल, आरामशीर, घरगुती. प्रत्येक ओळ जरा रेंगाळत खाली ठेवणारा. त्या गळ्याला हे शब्द परके होते आणि त्यांना ते आवडतही नव्हते. घर, आई, देव आणि हरवलेलं प्रेम यांवर आयुष्यभर गाणाऱ्या माणसाने, बाजार बदलला म्हणून, पन्नाशी ओलांडल्यावर भाषा बदलावी, ही अपेक्षा कितपत रास्त होती?

स्क्रग्ज यांचीही कोंडी तेवढीच खरी होती. तीच धून, त्याच ठिकाणी, त्याच पट्टीत, वर्षानुवर्षं. मैद्याच्या जाहिरातदाराने प्रायोजित केलेले कार्यक्रम आणि त्यांतले ठरलेले तुकडे. घरी मुलं मोठी होत होती. गॅरी आणि रँडी दोघंही वाजवत, आणि त्यांच्या मित्रांचं संगीत स्क्रग्ज यांच्या कानांवर पडत होतं. वयाची चाळिशी उलटलेला वादक आपल्या पोरांच्या खोलीतून येणारा आवाज ऐकून कुतूहलाने आत डोकावतो, यात बाजारूपणा शोधायला थोडा दुष्टपणा लागतो. उत्तम वादकाला आपला हात कुठवर जातो हे बघावंसं वाटणारच. ती भूक मारली की हातही आखडतो.

संपादकीय लिहिणाऱ्यांना मधली वाट नेहमीच सुचते. थोडं हे, थोडं ते, आणि सगळे खूश. या प्रकरणात ती वाट चालून पाहिली गेली. ते शेवटचे आल्बम म्हणजेच मधली वाट होती. त्यांत फ्लॅट नाखूश आणि स्क्रग्ज अर्धवट समाधानी. दोघांच्याही चांगल्या कामांत ते आल्बम गणले जात नाहीत. तडजोड राजकारणात अनेकदा शहाणपणाची ठरते. पथकात चौघांनी एकाच श्वासाने वाजवायचं असतं, तिथे तिची किंमत फार पडते. या कारणाने फूट ही दुःखाची असली तरी चुकीची होती असं म्हणवत नाही.

फुटीनंतरचं पथक म्हणजे ‘अर्ल स्क्रग्ज रिव्ह्यू’. त्याचं संगीत तोलण्याआधी त्याभोवतीच्या राजकारणाचा एक पापुद्रा सोलायला हवा. १५ नोव्हेंबर १९६९ रोजी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध वॉशिंग्टनमध्ये प्रचंड निदर्शनं झाली, आणि तिथे स्क्रग्ज आपल्या मुलांसह वाजवायला गेले. नॅशव्हिलच्या नामवंतांपैकी असं धाडस फार थोड्यांनी केलं. आज मागे वळून पाहताना ते कौतुकाचं वाटतं. पण ज्यांची मुलं त्या वेळी युद्धावर होती आणि ज्यांनी पंचवीस वर्षं या माणसाची तिकिटं काढली होती, त्यांना ते कसं वाटलं असेल, हेही डोळ्यांआड करू नये. त्यांच्या लेखी लांब केस, ड्रम्स आणि निदर्शनं हे एकाच गाठोड्यात बांधलेलं होतं. विजेबद्दलचा पुष्कळसा राग हा मुळात विजेबद्दलचा नव्हताच. त्यामुळे त्या काळातल्या प्रतिक्रिया वाचताना कानाची तक्रार आणि मनाची तक्रार वेगवेगळी करावी लागते, आणि ते नेहमी जमतंच असं नाही.

राहिलं संगीत. इथे माझं मत स्क्रग्ज यांच्या चाहत्यांना रुचणार नाही. रिव्ह्यूच्या रेकॉर्डमध्ये, १९७२ चा ‘लाइव्ह ॲट कॅन्सस स्टेट’ धरून, उत्साह भरपूर आहे, पोरांची मस्ती आहे, बाप त्यात रमलेला आहे हेही कळतं. पण बँजो अनेकदा गर्दीत वाट काढत असतो. ड्रम्सच्या ठोक्यावर त्याची लड बांधली जाते आणि पूर्वी जी किंचित पुढे झेपावणारी, पडते की काय वाटायला लावणारी चाल होती, ती सपाट होते. पन्नासच्या दशकातल्या त्यांच्या वादनासमोर हे वादन ठेवलं तर जुन्याच्या पारड्यात फार वजन पडतं. ज्यांनी १९४९ ची धून ऐकून वाद्य हातात घेतलं, त्यांना १९७२ मध्ये फसवल्यासारखं वाटलं असेल तर त्यांना दोष देता येत नाही.

असं असूनही मी हा निर्णय योग्य मानतो. निर्णय आणि त्यातून आलेल्या रेकॉर्ड या दोन गोष्टी वेगळ्या तोलायला हव्यात. प्रयोगाची गुणवत्ता त्याच्या पहिल्या फळावरून ठरवली तर फारच थोडे प्रयोग तग धरतील. इथे फळ भलत्याच फांदीला लागलं. १९७१ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातून आलेल्या ‘निटी ग्रिटी डर्ट बँड’ या लांबकेशी पोरांच्या पथकाने नॅशव्हिलच्या वुडलँड स्टुडिओत जुन्या पिढीच्या गायकवादकांबरोबर तीन रेकॉर्डांचा संच ध्वनिमुद्रित केला. ‘विल द सर्कल बी अनब्रोकन’ या नावाने तो १९७२ मध्ये निघाला. मेबेल कार्टर, रॉय एकफ, मर्ल ट्रॅव्हिस, डॉक वॉटसन, जिमी मार्टिन यांना एका खोलीत आणण्यात स्क्रग्ज यांच्या शब्दाचा मोठा वाटा होता. त्या पोरांची आणि त्यांची ओळख झाली ती मुलांमुळे आणि कॉलेजांतल्या कार्यक्रमांमुळेच. मन्रो यांनी मात्र यायला नकार दिला. त्या संचातलं संगीत कसं आहे? जवळजवळ सगळं विनाविजेचं, लाकडाचं आणि तारांचं. त्या काळच्या हजारो तरुणांनी मेबेल कार्टर यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला तो या रेकॉर्डवर. स्क्रग्ज यांनी वीज जोडली नसती तर हा दरवाजा उघडला असता का, याचं खात्रीचं उत्तर देता येत नाही, पण मला ते अवघड वाटतं.

आणखी एक अट इथे महत्त्वाची आहे, आणि माझा कौल तिच्यावरच टेकलेला आहे. स्क्रग्ज बाहेर पडले तेव्हा जुनं संगीत वाऱ्यावर पडलं नाही. १९६५ मध्ये व्हर्जिनियातल्या फिनकॅसल इथे कार्लटन हेनी यांनी अनेक दिवस चालणारा ब्लूग्रास महोत्सव भरवला होता. १९६७ पासून मन्रो यांचा स्वतःचा महोत्सव इंडियानातल्या बीन ब्लॉसमला सुरू होता. स्क्रग्ज यांच्या वादनाची पद्धत त्यांच्याच नावाच्या पुस्तकात १९६८ मध्ये छापून आली होती, म्हणजे ज्याला शिकायचं त्याला किल्ली मिळालेली होती. आणि फ्लॅट होतेच. त्यांनी १९७२ मध्ये १३ वर्षांच्या मार्टी स्टुअर्ट या मुलाला आपल्या पथकात घेतलं. पुढे हाच स्टुअर्ट कंट्री संगीतातला मोठा वादक आणि त्या परंपरेचा आघाडीचा जतनकर्ता झाला. घर राखणारे इतके असताना एकाने परदेश पाहून यावं, यात घराचं काही बुडत नाही. एखादी कला शेवटच्या एकदोन माणसांच्या हातांत उरली असेल, तर मात्र हिशोब बदलतो. तिथे मी इतक्या सहजपणे वादकाच्या बाजूने बोलणार नाही, निदान त्याने आधी दोन शिष्य तयार करावेत असं नक्की म्हणेन.

त्याच काळात ऑसबोर्न बंधूंनीही वीज जोडली होती. १९६७ च्या ‘रॉकी टॉप’ने गाजलेले हे भाऊ मोठमोठ्या कार्यक्रमांत इलेक्ट्रिक गिटारवाल्या पथकांच्या आगेमागे वाजवत. तिथे आपला बँजो आणि मँडोलिन मागच्या रांगांना ऐकूच जात नाहीत, अशी त्यांची अडचण होती, म्हणून पिकअप आले. ब्लूग्रासवाल्यांनी त्यांनाही नावं ठेवली. पुढे ते पुन्हा जुन्या वाद्यांकडे वळले. त्यांची गरज ऐकू जाण्याची होती, स्क्रग्ज यांची वेगळं काही ऐकण्याची. टीकाकार दोघांना एकाच काठीने हाकत. माझ्या मते गरजेपोटी आलेली वीज गरज संपल्यावर निघून जाते आणि वाद्यावर फारसा ठसा ठेवत नाही. कुतूहलापोटी आलेली वीज जास्त धोक्याची असते, कारण ती वादकालाच बदलते. ज्याला परंपरेची चिंता आहे त्याने दुसऱ्या प्रकाराला घाबरावं हे समजण्यासारखं आहे. पण नवं काही निघतं तेही त्यातूनच.

काय निघतं याचा एक दाखला आपल्या ओळखीचा आहे. न्यूयॉर्कमध्ये १९५८ साली जन्मलेल्या बेला फ्लेक यांनी त्या हिलबिलीजच्या मालिकेत स्क्रग्ज यांचा बँजो ऐकला आणि ते वाद्याच्या नादी लागले. १९८८ मध्ये त्यांनी ‘फ्लेकटोन्स’ हे पथक काढलं. त्यात व्हिक्टर वुटन इलेक्ट्रिक बेसवर, हॉवर्ड लेव्ही हार्मोनिका आणि पियानोवर, आणि रॉय वुटन गिटारच्या आकाराच्या यंत्रावर बोटांनी ड्रम्सचे आवाज काढत. फ्लेक स्वतः इलेक्ट्रिक बँजोही घेत. स्क्रग्ज यांना रिव्ह्यूमध्ये जे पुरतं सापडलं नाही, ते या पथकाला सापडलं असं मला वाटतं. इथे बँजोला ड्रम्सशी झुंजावं लागत नाही, कारण ताल पुन्हा सगळ्यांत वाटलेला आहे. तेच फ्लेक पुढे झाकीर हुसेन आणि एडगर मायर यांच्याबरोबर ‘द मेलडी ऑफ रिदम’ करतात. नंतर राकेश चौरसिया यांची बासरी त्यांना येऊन मिळते आणि २०२३ मध्ये ‘ॲज वी स्पीक’ येतो. २०२४ च्या फेब्रुवारीत या चौघांना त्यासाठी ग्रॅमी पुरस्कार मिळाले. मुंबईच्या तबल्याशेजारी बँजो इतका शोभतो, कारण दोन्ही वाद्यांना स्वर फार काळ धरून ठेवता येत नाही, दोघांनाही बोटांच्या रांगा लावाव्या लागतात. आणि २०२१ मध्ये याच फ्लेक यांनी ‘माय ब्लूग्रास हार्ट’ नावाचा, थेट जुन्या घराकडे वळणारा आल्बमही केलेला आहे.

म्हणजे ये-जा करता येते. स्क्रग्ज यांनीही ती केली. रिव्ह्यू ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला थांबला. २००१ मध्ये, ७७ व्या वर्षी, त्यांनी ‘फॉगी माउंटन ब्रेकडाउन’ पुन्हा वाजवली. सोबत वेगवेगळ्या पिढ्यांचे वादक होते, त्यांत बँजो वाजवणारे विनोदवीर स्टीव्ह मार्टिनही होते. त्या ध्वनिमुद्रणाला ग्रॅमी मिळाला. विजेच्या वाटेवर दहा-बारा वर्षं काढून आलेल्या बोटांतून जुनी लड पुसली गेलेली नव्हती. २०१२ मध्ये ते वारले तेव्हा श्रद्धांजलीच्या लेखांत विजेचा उल्लेख एखाद्या परिच्छेदापुरता होता. १९७० मध्ये ज्यांनी पाणी डोक्यावरून गेलं म्हटलं होतं, त्यांची भीती त्या अर्थाने खरी ठरली नाही.

एका बाबतीत मात्र ती खरी ठरली. वाद्याकडे परतता आलं, पण फ्लॅट यांच्याकडे परतता आलं नाही. फुटीनंतर दोघांत जवळजवळ दहा वर्षं अबोला होता. १९७९ मध्ये फ्लॅट अंथरुणाला खिळले असताना स्क्रग्ज त्यांना भेटायला गेले, पुन्हा एकत्र वाजवण्याचं बोलणंही निघालं. त्या मे महिन्यात फ्लॅट गेले. १९८५ मध्ये कंट्री संगीताच्या मानाच्या यादीत दोघांची नावं एकत्र घेतली गेली, तेव्हा स्वीकारायला एकच हजर होता. ज्याला स्क्रग्ज यांच्या निर्णयात खरा दोष काढायचा आहे त्याने पिकअप आणि ड्रम्स सोडून इथे बोट ठेवावं. गाणाऱ्याच्या गळ्याला न झेपणारी दोन वर्षं त्याच्यावर लादली गेली. त्यात कंपनीचा वाटा होता, निर्मात्याचा होता, आणि स्क्रग्ज यांचाही होता. ही फूट १९६७ मध्येच, सरळ आणि मोकळेपणाने झाली असती तर कदाचित अबोला टळला असता.

या आक्षेपाला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. एवढंच म्हणता येईल, की १९६९ नंतरची दहा वर्षं फ्लॅट यांना त्यांच्या मनासारखं गायला मिळालं, त्याच महोत्सवांत, त्याच श्रोत्यांपुढे. बीन ब्लॉसमला १९७१ मध्ये मन्रो आणि फ्लॅट यांनी बावीस-तेवीस वर्षांचं वैर सोडून हस्तांदोलन केलं, ते याच काळात. १९४८ मध्ये फ्लॅट आणि स्क्रग्ज आपलं पथक सोडून गेले याचा राग मन्रो यांनी इतकी वर्षं धरला होता. आणि जॉश ग्रेव्ह्ज? ते आधी फ्लॅट यांच्या नव्या पथकात वाजवत राहिले आणि मग तोच डोब्रो घेऊन स्क्रग्ज यांच्या रिव्ह्यूमध्ये गेले. दोन्हीकडे त्यांना जागा होती.